दहा महिन्यांनंतर: सहा जुने पीसी, दोन क्रिंपर, एक टेस्टर आणि वायरशार्क

मुलांना हार्डवेअर, नेटवर्किंग आणि जोडीला थोडी सायबरसुरक्षा शिकवायची तर सामान काय घ्यावं, हा प्रश्न दहा महिन्यांपूर्वी मी दिसेल त्याला विचारत होते. उत्तरं बहुतेक यादीच्या रूपात मिळाली. वापरून झाल्यावर काय वाटलं ते मात्र कुणी सांगितलं नाही, म्हणून हे लिहिते.

आमचा संसार असा: सहा जुने डेस्कटॉप (चारांत ४ जीबी रॅम, दोनांत ८), आठ पोर्टचा साधा स्विच (पीसी केबलने एकमेकांना जोडणारा डबा), दोन निकामी ठरवलेले पण चालणारे वायफाय राउटर, कॅट-५ई या नेटवर्क केबलचं एक बंडल, तिच्या टोकांना बसवायचे पिशवीभर आरजे-४५ जॅक, ते केबलवर दाबून पक्के करणारे दोन क्रिंपर, दिवे लागणारा साधा केबल टेस्टर आणि एक मल्टिमीटर. सॉफ्टवेअरमध्ये पॅकेट ट्रेसर (पडद्यावर नेटवर्क जोडून बघायला), वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून बघायला) आणि व्हर्च्युअलबॉक्स (एका पीसीत दुसरा आभासी पीसी चालवायला). मुलं अठरा, वयं १४ ते १७. म्हणजे पीसीमागे तिघं.

जुन्या पीसींबद्दल आधी सांगते. उद्या कुणी सहा नवे पीसी देऊ केले तरी खोलायला मी जुनेच मागेन. नव्या मशीनचं झाकण उघडताना माझाच हात थरथरतो, तर मुलांना काय मोकळं सोडणार? जुन्यात रॅम दहादा काढा, दहादा बसवा. पहिल्या दिवसापासून शिस्त एकच: आधी प्लग भिंतीतून काढायचा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, आणि नंतरच आत बोट घालायचं. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र कुणीही, कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. त्या डब्याच्या स्क्रूंवर मी लाल टेप चिकटवली आहे.

‘मेलेल्या’ मशीनपैकी निम्म्याहून जास्त रॅमनेच मेलेली निघाली. एक बाजू खटकन बसलेली, दुसरी अर्धवट. किंवा सोनेरी पट्ट्यांवर थर चढलेला. तो मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसायचा आणि खोडरबराचा चुरा झटकून टाकायचा. बिघाड सांगणाऱ्या मदरबोर्डच्या शिट्ट्या पाठ करून घेण्यात मी एक अख्खा तास घालवला, तो वाया गेला. प्रत्येक बायोसची (पीसी सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) शिट्ट्यांची भाषा निराळी असते. मॅन्युअल शेजारी ठेवावं आणि त्यात बघावं.

तिघांत एक पीसी ही खरी डोकेदुखी. एक जण काम करतो, दुसरा बघतो, तिसरा खिडकीबाहेर. शेवटी नियम केला: स्क्रूड्रायव्हर ज्याच्या हातात, त्याने बोलायचं नाही. उरलेल्या दोघांनी तोंडाने सांगायचं, याने फक्त करायचं, आणि दर दहा मिनिटांनी स्क्रूड्रायव्हर पुढच्याकडे. ‘ते तिथलं ते काढ’ म्हणणारी मुलं पंधरवड्यात ‘साटाची डेटा केबल काढ, पॉवरची नको’ म्हणायला लागली (साटा म्हणजे हार्डडिस्कची जोडणी).

आता टेस्टर आणि क्रिंपर. या संचातली सगळ्यात कामाची वस्तू कुठली म्हणाल तर टेस्टरच, आणि मला सगळ्यात जास्त तोंडघशी पाडलं तेही त्यानेच.

सुरुवातीला दोनातला एक जॅक कचऱ्यात जायचा. तारा हव्या त्यापेक्षा लांब सोललेल्या, बाहेरचं आवरण जॅकच्या आत पोचलेलंच नाही, त्यामुळे ओढलं की जॅक हातात. तारांच्या जोड्यांचा पीळ उलगडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, आणि जॅकची पकड तारांवर नव्हे तर आवरणावर बसली पाहिजे, हे हाताला कळायला तीन आठवडे लागले. आठ तारांचा टी-५६८बी हा ठरलेला क्रम पाठ झाला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

एका मुलाने मात्र बंड केलं. हिरव्याची जोडी फोडून मधे निळी कशाला घुसवायची? त्याने दोन्ही टोकांना आपला ‘सरळ’ क्रम लावला, प्रत्येक जोडी शेजारीशेजारी. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. केबल पीसीला लावली, नेट चाललं. “मॅडम, चालतंय की!” यावर माझ्याकडे त्या दिवशी पटेल असं उत्तर नव्हतं. ‘स्टँडर्ड आहे म्हणून’ हे काही उत्तर नव्हे.

पुढच्या तासाला त्याच्याच क्रमाने तीसेक मीटरची केबल करायला लावली. टेस्टरवर दिवे पुन्हा झकास. स्विचवरचा दिवाही लागला. पण फाइल कॉपी करायला घेतली तर मुंगीच्या पावलांनी, आणि लिनक्समध्ये त्या पोर्टपुढचा एररचा आकडा डोळ्यांदेखत वाढतोय. मग फळ्यावर आलो. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या नियमांच्या) हिशेबात जोड्या आहेत १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. एका जोडीच्या दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडून कटतो. याच्या केबलमध्ये तिसरी तार हिरव्या जोडीतली आणि सहावी निळ्या जोडीतली. एकाच सिग्नलच्या दोन तारा परक्यांशी पिळलेल्या. मीटरभर अंतरात हे खपून गेलं, तीस मीटरमध्ये नाही.

साध्या टेस्टरला यातलं काही कळत नाही. तार या टोकाकडून त्या टोकाला पोचली का, एवढंच तो सांगतो. हे ठाऊक असलं की तो उत्तम आहे. ठाऊक नसलं की हिरवे दिवे बघून माणूस निर्धास्त होतो. त्या मुलाने नंतर टी-५६८बीशी कधी वाद घातला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही घालू दिला नाही.

दुसरी गोष्ट चौथ्या महिन्यातली. “मॅडम, तीन नंबरचं नेट गेलं.” बघितलं तर राउटरला पिंग (‘आहेस का’ अशी हाक) जातंय, बाहेरच्या पत्त्यालाही जातंय, डीएनएस साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतंय. पण ब्राउझर जवळजवळ प्रत्येक साइटवर लाल पाटी दाखवतोय की कनेक्शन सुरक्षित नाही. एकाने व्हायरस जाहीर केला. दुसऱ्याने हॅक. तिसऱ्याने विंडोज पुन्हा टाकायची तयारी चालवली. अर्धा तास गेला. शेवटी मागे उभी असलेली, एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “घड्याळ बघा ना.” कोपऱ्यात तारीख १ जानेवारी, साल कित्येक वर्षांपूर्वीचं.

मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सीआर२०३२, नवा असताना ३ व्होल्ट. मल्टिमीटरवर २ च्या जरासं वर दाखवत होता. आम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो, त्यामुळे पीसीचं घड्याळ जगवायला तो सेलच काय तो आधार. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते आणि ब्राउझर ती पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. या पीसीच्या मते ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आली नव्हती. घड्याळ नेटवरून आपोआप जुळवायची सोय त्या मशीनवर कुणीतरी बंद करून ठेवली होती, नाहीतर हे आमच्या लक्षातही आलं नसतं.

माझ्या आराखड्यात हार्डवेअर पहिल्या तीन महिन्यांत, नेटवर्किंग मधे आणि सुरक्षा शेवटी अशी वाटणी होती. त्या सेलने ती मोडली. तेव्हापासून दर आठवड्याला ‘बिघाडाचा तास’ असतो. मी तासभर आधी येते आणि सहाही पीसींची वेगवेगळी खोडी काढून ठेवते: रॅम अर्धी वर, सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते ठरवणारा आकडा) चुकीचा, डीएनएसचा पत्ता भलताच, केबलमधली एक तार आतून तुटलेली. टेबलावर चिठ्ठी असते, त्यात वापरणारा माणूस सांगेल तेवढंच: ‘नेट चालत नाही’. कशालाही हात लावण्याआधी मुलांनी काय तपासलं आणि त्यातून काय बाद झालं ते लिहायचं. पीसीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काही मिळालेलंच नाही, हे आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

एक बिघाड मी न करताच झाला. केबलचं मोकळं टोक दिसलं म्हणून एकाने ते स्विचमध्येच खोचलं. दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. सगळे दिवे एकसारखे वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि सहाही पीसी ठप्प. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, त्याला वाहून नेणाऱ्या इथरनेटच्या फ्रेमला ती नसते, म्हणून ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून केलेला पुकारा) गोल फिरत राहतो आणि दर फेरीला सगळ्या पोर्टवर पुन्हा जातो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री (असा फेरा मोडायला एक वाट बंद ठेवणारी पद्धत) तयार केलं ते याच दुखण्यावर. आमच्या साध्या स्विचमध्ये ते नाही. त्याच संध्याकाळी पॅकेट ट्रेसरमध्ये तशीच जोडणी केली, तर एका पोर्टचा दिवा नारिंगी राहिला आणि वादळ उठलंच नाही.

पॅकेट ट्रेसरबद्दल माझं मत त्यातच आलं. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं पाडणं), राउटिंग (नेटवर्कांमधली वाट ठरवणं), जे सामान आपल्याकडे नाही ते सगळं त्याच्यात करावं. पण आधी हात, मग पडदा. मी पहिले दोन आठवडे उलटं केलं, ती माझी चूक. पडद्यावरच्या केबलचा जॅक कधी सैल नसतो. कमांड फडाफडा टाकणारी मुलं खरी केबल राउटरच्या कुठल्या भोकात घालायची यावर अडली. दोघांनी मिळून तर दुसऱ्या राउटरचा लॅन पोर्ट स्विचला जोडून दोन डीएचसीपी सर्व्हर एकमेकांसमोर उभे केले.

वायरशार्क. (जुन्या नोट्समध्ये इथेरियल असं नाव दिसलं तर गोंधळू नका, २००६ पर्यंत याचंच ते नाव होतं.) एका पीसीवर आम्हीच लॉगिनचं साधं, म्हणजे मजकूर उघडा पाठवणारं, एचटीटीपी पान ठेवलं, दुसऱ्यावरून खोटा पासवर्ड टाकला आणि पकडलेल्या पॅकेटमध्ये तो अक्षरन् अक्षर दिसला. वर्ग एकदम गप्प. मग तेच पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक करून, आणि नुसता कचरा. ज्या पासवर्डच्या व्याख्यानाला मुलं जांभया देत होती, त्याची गरज उरली नाही. दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं उघडं टेलनेट आणि सांकेतिक एसएसएच यांचंही तसंच करून दाखवलं. तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं तेच मुळी त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर, हे सांगायला तेव्हा मजा आली. एक ध्यानात ठेवा: स्विचवर दुसऱ्या दोघांचं बोलणं तिसऱ्याच्या पोर्टवर येत नाही. आमचे दोन तास ‘काहीच दिसत नाही’ यात गेले. पॅकेट सर्व्हरच्या, म्हणजे पान ठेवलेल्या, पीसीवरच पकडा, आणि आधी हवी तीच पॅकेट दाखवणारा फिल्टर लावा, नाहीतर नवख्याचा जीव त्या ओळींच्या धबधब्यात गुदमरतो.

व्हर्च्युअलबॉक्स ४ जीबीवर धापा टाकतं. ८ जीबीच्या दोन पीसींवर बरं चालतं, आणि स्नॅपशॉट ही सोय सोन्यासारखी: मोडा, मागे जा, पुन्हा मोडा. तिथे अपडेट न केलेली जुनी सिस्टिम उघडून पोर्ट ४४५ (फाइल शेअर करण्यासाठीचं नेटवर्कवरचं दार) दाखवला आणि त्याच वाटेने पसरलेल्या, खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय प्रोग्रामचं कॅलेंडर फळ्यावर मांडलं. दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली होती, हल्ला झाला मे महिन्यात.

इथेच माझं एक चुकलं. पोर्ट स्कॅन (मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते तपासणं) शिकवल्यावर आठवड्याभरात एक जण भलत्याच नेटवर्कवर स्कॅन मारून आला आणि कौतुकाने मला सांगायला लागला. त्याच्यावर मी चिडले खरी, पण मालकाची परवानगी हा धडा मी टूलच्या नंतर ठेवला होता. आता तो आधी येतो, लेखी येतो, आणि असले प्रयोग फक्त बाहेरची केबल काढलेल्या आमच्या स्विचवर होतात.

लॅपटॉपच्या बाबतीत हा संच तोकडा पडतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे आमचं खोडरबर काय करणार? फोनच्या सुरक्षेलाही आम्ही हात घातलेला नाही.

पुढच्या तुकडीसाठी फुटलेली जोडी ओळखणारा एक चांगला टेस्टर घेणार आहे, पण साधाही ठेवणार. तो ‘सरळ’ क्रमाचा तीस मीटरचा तुकडा गुंडाळून कपाटात आहे. दोन क्रिंपरपैकी एकाचं पातं बोथट झालंय, ते बदलायचंय. जॅक मात्र या वेळी दुप्पट मागवले आहेत.