मीन बीन मशीन की पोकेमॉन पझल लीग?

मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रावर १९९३ साली आलेला ‘डॉ. रोबॉटनिक्स मीन बीन मशीन’ आणि निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रावर २००० साली आलेला ‘पोकेमॉन पझल लीग’ हे दोन्ही खेळ कार्टून मालिकांवर बेतलेले असले, तरी मुळात ते अनुक्रमे ‘पुयो पुयो’ आणि ‘पानेल दे पोन’ या जपानी कोड्यांचे नवे अवतार आहेत.

पहिल्यात बीन, म्हणजे रंगीत दाणे, जोडीने वरून पडतात, चार एकरंगी बीन एकमेकींना भिडल्या की नाहीशा होतात, आणि एका जुळणीतून दुसरी घडत गेली तर प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीत अडथळ्याच्या बीन कोसळतात. ही साखळी आधी मनात रचावी लागते, आणि ती उलगडताना होणारा आनंद मला अतुलनीय वाटतो. मात्र येथे मालिकेचा खलनायक रोबॉटनिक याचे यंत्रसाथीदार भेटतात, नायक सॉनिक नव्हे. चाहत्याला ही उणीव जाणवतेच.

दुसऱ्यात ठोकळ्यांची रास खालून चढत राहते आणि शेजारच्या दोहोंची आडवी अदलाबदल करून तीन सारखे जुळवावे लागतात. ठोकळे कोसळत असतानाही हात थांबत नाही. शिवाय पोकेमॉन मालिकेतील अॅश, मिस्टी आणि ब्रॉक ही पात्रे येथे प्रत्यक्ष भेटतात. मालिकेच्या ओढीने येणाऱ्याने हाच निवडावा; मी स्वतः मात्र त्या साखळ्यांसाठी पुन्हा पहिल्याकडेच वळतो.