झीरो डिले आर्केड किट: बटणं चालतील, स्टिक सुधारेल, बोर्ड बदला

घरच्या घरी आर्केड जॉयस्टिक बांधायची म्हटलं की ऑनलाइन सगळ्यात आधी समोर येतं ते हे बिननावाचं चिनी किट. पाकिटात एक ‘झीरो डिले’ यूएसबी एन्कोडर बोर्ड (बटणांचे दाब पीसीला कळवणारा), सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ स्टिकची नक्कल असलेली पाच वायरींची स्टिक, ३० मिमीची आठ बटणं, स्टार्ट आणि सिलेक्टसाठी २४ मिमीची दोन आणि लग, म्हणजे बटणाच्या पात्यावर सरकवायची धातूची टोकं, लावूनच आलेल्या वायरी. विकणारे ढीगभर, माल साधारण सारखाच. म्हणून हे परीक्षण कुठल्या दुकानाचं नसून पाकिटातल्या मालाचं आहे.

बटणं पैशाच्या मानाने ठीक आहेत. सान्वाचं ओबीएसएफ-३० हे बटण बोट टेकताच लागतं. हे जरा जोर लावून दाबावं लागतं आणि टकटकही जास्त करतं. बसवण्याआधी प्रत्येक बटण मल्टिमीटरच्या बीपवर लावा आणि मधोमध, मग चारी कडांना दाबून बघा. कडेला दाबल्यावर बीप तुटतं ते बटण कमी वापराच्या जागी टाका. किटमधले लग या बटणांच्या २.८ मिमी पात्यांसाठी असतात. पुढे हॅप या अमेरिकन कंपनीच्या धर्तीची बटणं घेतलीत तर त्यांच्या मायक्रोस्विचला ४.८ मिमीचे लागतात. पक्कडीने दाबून भलताच लग बसवला तर तो खेळताना निसटणार हे नक्की.

खरं काम डब्यात आहे, आणि फसतं तेही तिथेच. ही बटणं खटक्याची. बाजूचे प्लॅस्टिकचे कान पॅनेलच्या खालच्या कडेला अडकतात, आणि ते बनलेत साधारण २ ते ४ मिमी जाडीसाठी. घरात पडलेलं १२ मिमीचं प्लाय घेतलं तर कान भोकाच्या आतच दबून राहतात. बटण नुसतं घट्टपणावर टिकतं आणि थोड्या दिवसांत वर यायला लागतं. स्टिकचीही तीच गत: खालून बसवली की दांडी १२ मिमीने आखूड होते आणि गोळा मुठीत नीट येत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे वर ३ मिमी अॅक्रिलिक, खाली १२ मिमी एमडीएफचा डबा. नुसतं अॅक्रिलिक मनगटाच्या भाराने लवतं, म्हणून त्याला लागून खाली एमडीएफचा एक थर द्या आणि त्यात बटणांच्या आणि स्टिकच्या जागी मोठ्या खिडक्या कापा. स्टिकच्या पत्र्याचे चार स्क्रू मात्र लाकडातच गेले पाहिजेत, म्हणजे तिची खिडकी तेवढी लहान ठेवायची आणि तिथला थर राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) ५-६ मिमीवर आणायचा. राउटर नसेल तर एखाद्या फर्निचरवाल्याकडून हे एवढं करून घ्या. आतली पोकळी निदान ६० मिमी ठेवा.

भोकं ३० मिमीच्या होल सॉनेच (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा. ३२चा हाताशी आहे म्हणून तो वापरला तर बटण भोकात डुगडुगतं आणि त्याची कड भोक जेमतेम झाकते. अॅक्रिलिकवरचा कागद काढू नका, खाली टाकाऊ प्लाय शिकंज्याने आवळा, ड्रिल सगळ्यात कमी वेगावर ठेवा आणि मधेमधे थांबा. घाई केली की कीस वितळून दातांना चिकटतो, मग ब्लेड अडकतं आणि शीट तडकते. दोन बटणांच्या केंद्रांत ३६ मिमी अंतर पुरतं. आधी आखणी पुठ्ठ्यावर कापून त्यावर हात ठेवून बघा. हातांची ठेवण ज्याची त्याची वेगळी असते.

स्टिक नक्कल असली तरी कामाची आहे. स्प्रिंग मऊ असते आणि कर्रकर्र वाजते. आवाज बंद करायला खालची ई-क्लिप (दांडी अडकवून ठेवणारी छोटी कडी) काढून पिव्हटला, म्हणजे दांडी जिथे हलते त्या सांध्याला, सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल नको आणि गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच. ई-क्लिप काढताना वर फडकं धरा, नाहीतर ती उडून कपाटाखाली जाते. मूळ जेएलएफच्या दांडीला एम६ आटे असतात. नकलेतही तेच निघाले तर गोळा हवा तो लावता येतो.

आता नावातल्या ‘झीरो’बद्दल. हा बोर्ड पीसीवर ‘ड्रॅगनराइज’ नावाची साधी यूएसबी जॉयस्टिक म्हणून दिसतो आणि पीसीकडून त्याची ‘काही दाबलंय का’ ही विचारपूस ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा होते. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम इथेच जाऊ शकते. रेट्रोपायवर (रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) जुने खेळ खेळायला याने काही बिघडत नाही. पण टेकन ८ किंवा स्ट्रीट फायटर ६ अशा मारामारीच्या खेळांसाठी बांधत असाल तर हा बोर्ड पाकिटातच राहू द्या. शिवाय तो एक्सइनपुट (विंडोजवरच्या एक्सबॉक्स कंट्रोलरची भाषा) बोलत नाही, त्यामुळे पीसीवरच्या पुष्कळ नव्या खेळांत स्टीम इनपुटमधून, म्हणजे स्टीम या खेळांच्या अॅपमधल्या सोयीतून, मॅपिंग करावं लागतं.

त्याऐवजी रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेला हा बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चढवायचं: पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, पीसीवर ड्राइव्ह दिसला की त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाका. ड्राइव्ह दिसलाच नाही तर आधी केबलवर संशय घ्या; नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. विचारपूस आता १००० हर्ट्झने होते.

जोडणी अशी: वर, खाली, उजवी, डावी या दिशा अनुक्रमे जीपी२, ३, ४, ५ ला, आठ बटणं जीपी६ ते १३ ला, सिलेक्ट १६, स्टार्ट १७. हे जीपी क्रमांक आहेत, बोर्डाच्या कडेने मोजायचे पिन क्रमांक नव्हेत. जीपी२ म्हणजे कडेने मोजलेली चौथी पिन. ही गल्लत फार होते. किटच्या वायरींची पांढरी टोकं कापून सोल्डर करा, लगांची बाजू तशीच कामी येते.

सगळ्या बटणांचं दुसरं पातं ग्राउंडला (पिकोवर जीएनडी लिहिलेल्या पिनला) जातं. एकच वायर एका बटणावरून दुसऱ्यावर नेत साखळी करा, आणि तिचं शेवटचं टोक मोकळं न सोडता पिकोच्या दुसऱ्या ग्राउंड पिनवर आणा. कडं पूर्ण झालं की मधला एखादा लग सुटला तरी बाकीची बटणं चालू राहतात. कडं नसेल आणि एका ठिकाणापासून पुढची सगळी बटणं एकदम मेली, तर सुटलेला लग त्या ठिकाणीच शोधा.

स्टिकच्या वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. चारही दिशांना बीप देणारी सामाईक वायर ती ग्राउंड. वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटं येत असेल तर स्टिक १८० अंशांत फिरवून बसवा, एकच जोडी उलटी असेल तर त्या दोन वायरी अदलाबदल करा. तपासायला विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) पुरेसं आहे. एखादं बटण एका दाबात दोनदा लागत असेल तर फर्मवेअरच्या वेब कॉन्फिगमध्ये (ब्राउझरमधल्या सेटिंगच्या पानावर) डिबाउन्स, म्हणजे एका दाबानंतर लगेचचे दाब न मोजण्याचा वेळ, थोडा वाढवा. तिथे जायला स्टार्ट दाबून धरून केबल लावायची आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडायचं.

दोघांसाठी डबा बांधताना मूळचे झीरो डिलेच ठेवणार असाल तर एक अडचण आहे. दोन्ही बोर्डांची यूएसबी ओळख एकच, ००७९:०००६. पोर्ट बदलले की पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो, म्हणून कुठली केबल कुठल्या पोर्टात ते मार्करने लिहून ठेवा.