२९० रुपयांची स्ट्रॉ आणि मोकळा गळा: आठ महिन्यांनंतर

काल काचेची बाटली हातातून निसटून फुटली. आठ महिने रोज तिच्यातल्या पाण्यात स्ट्रॉनं बुडबुडे काढत गळ्याचा व्यायाम केला होता, म्हणून म्हटलं आता या कोर्सबद्दल लिहूनच टाकू.

गळ्यावरचा ताण घालवायचा ऑनलाइन कोर्स. फी ४,८०० रुपये, व्हिडिओ बारा, त्यातले कामाचे दोन. पण माझा खरा राग स्ट्रॉवर. 'किट' म्हणून स्टीलची एक स्ट्रॉ आणि ब्रश, त्याचे २९० वेगळे! प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून बंदी, कागदाच्या स्ट्रॉचा पाच मिनिटांत लगदा होतो, म्हणून मुकाट्यानं घेतली. नंतर तुळशीबागेत तशाच चार शंभरला दिसल्या.

मी शिक्षिका. पंचावन्न पोरांवर ओरडून गळ्याची पार वाट लागलेली. भजनात तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) आला की हनुवटी वर, मानेच्या शिरा दोरीसारख्या, आणि आवाज फाटायचा. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, गाठबीठ नव्हती, नुसता ताण.

कामाचा पहिला व्हिडिओ स्ट्रॉचा. स्ट्रॉ दोन बोटं पाण्यात बुडवून तिच्यातून 'ऊ' लावायचा आणि सा ते प घसरत जाऊन परत यायचं. "गॅसवर काय ठेवलंयस?" आतून प्रश्न. पहिल्या महिन्यात मी या कोर्सला एक तारा दिला होता.

तो मागे घेते. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो, ते एकमेकांवर न आपटता हलके कंप पावतात. मला पटलं ते मात्र बुडबुडे बघून. गळा आवळला की ते थांबतात किंवा भसकन उसळतात. नुसतं "रिलॅक्स करा" ऐकून आजवर कुणाचा गळा सुटलाय?

दुसरा कामाचा व्हिडिओ अंगठ्याचा. हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून 'आ' लावा. माझा तो भाग वरच्या सा लाच दगड व्हायचा. जीभ आणि स्वरयंत्र एकाच हाडाला बांधलेले, त्यामुळे जीभ मागे ओढली की खाली गळाही अडकतो. लहानपणी गाण्याच्या बाईंनी खर्ज (खालचे सूर) घोटून घेतला होता, तोही मी जीभ दाबूनच लावत होते, हे आता कळतंय.

गेल्या एकादशीला गंधार कसलीही ओढाताण न होता लागला. मी खूश, तर शेजारची म्हणते, "ताई, आज आवाज बसलाय का?" जोर लावला नाही की यांना आजारी वाटतं. घरी रेकॉर्डिंग ऐकलं, सूर स्वच्छ होता.

बाटलीच्या जागी आता जॅमची बरणी. साडेतीन तारे. चार दिले असते, अर्धा स्ट्रॉचा कापलाय.