दिवाळीला बोर्डावर काय लिहायचं: एकावर एक, टक्के, कूपन की सरळ रुपये कमी?

मेहुण्याने यंदा कराडला रेडिमेडचं दुकान टाकलंय आणि रोज फोन, दाजी दिवाळीला कुठली ऑफर लावू. त्याला तुकड्या तुकड्यात जे सांगितलं ते इथे एकत्र लिहितोय, नवीन दुकानवाल्या कुणाला तरी उपयोगी पडेल. साताऱ्यात खणआळीजवळ आमचं जेन्ट्सचं दुकान आहे आणि खालची प्रत्येक ऑफर मी एकेक सीझन लावून बघितलीये. मार्जिनचं गणित तुम्हाला येतंच, त्यात जात नाही, गिऱ्हाईकाला ती ऑफर कशी दिसते तेवढंच बोलतो.

आधी एकावर एक. गर्दी खेचायला याच्यासारखी ऑफर नाही हे मी मान्य करतो. फ्री हा शब्द रस्त्याच्या पलीकडून वाचला जातो आणि पहिले दोन दिवस दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पण तिसऱ्या दिवशी कोरेगावकडचे एक आजोबा आले, नातीच्या साखरपुड्याला पांढरा शर्ट पाहिजे होता. बाराशेचा शर्ट होता, त्यांनी कॉलर अंगठ्याने दाबून बघितली, बाही उलटी करून शिवण बघितली, पसंत पडला. म्हणाले, "मला एकच पुरे, दुसरा तुमच्याकडेच राहू दे, सहाशे घ्या." मी म्हटलं काका ऑफर दोन घेतले तरच आहे. तर ते म्हणाले, "म्हणजे शर्ट सहाशेचाच आहे की." माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. त्यांनी शर्ट होता तशाच घडीवर परत बसवला, काउंटरवर ठेवला आणि निघून गेले.

हेच बोलणं मग त्या दिवाळीत रोज पाच-सहा वेळा झालं. शिवाय बदलीची कटकट वेगळी, दोनातला एक घट्ट झाला म्हणून माणूस परत आला की त्याची किंमत शून्य धरायची का सहाशे यावरून वाद, आणि वाद नेहमी गर्दीच्या वेळेलाच, बाकीची गिऱ्हाइकं ऐकत उभी. आमच्या टॅक्सवाल्यांना विचारलं तर त्यांनी मार्च २०१९ चं जीएसटीचं परिपत्रक दाखवलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की एकावर एक म्हणजे दुसरी वस्तू फुकट दिली असं नाही, तो एकाच्या किमतीत दोन वस्तूंचा व्यवहार आहे. म्हणजे आजोबा जे बोलले तेच. माझ्यापुरती ती ऑफर तिथेच संपली.

टक्क्यांचं तसं वाईट नाही, फक्त कुठल्या मालावर लावताय ते बघा. अडीचशेच्या बनियनच्या पॅकवर १०% लिहिलं की लोक वळून बघतात, तेच २५ रुपये कमी लिहिलं तर कुणी हातही लावत नाही. आणि आठ हजारांच्या शेरवानीवर उलटं, तिथे १०% किरकोळ वाटतं आणि ८०० रुपये कमी म्हटलं की घरचे एकमेकांकडे बघतात. ५०% अधिक २०% असलं काही मात्र लावू नका. लोक मनात सत्तर धरून येतात आणि बिल साठच्या हिशोबाने निघतं, कारण वीस टक्के उरलेल्या निम्म्यावर लागतात. हिशोब बरोबर असतो पण समजावून सांगेपर्यंत आपण लबाड ठरलेलो असतो. आणि "५०% पर्यंत" मधलं "पर्यंत" बारीक अक्षरात लिहायचं असेल तर बोर्डच लावू नका.

पुढच्या खरेदीवर २०० रुपयांचं कूपन मी एकदा वाटलं, वाटलं गिऱ्हाईक परत येईल. आले, पण बरेचसे तारीख उलटल्यावर. पाकिटात जपून ठेवलेलं असतं, चार घड्या पडलेल्या असतात, त्या माणसाच्या लेखी ते त्याचे २०० रुपयेच असतात. नाही म्हटलं की त्याच्या खिशातून काढून घेतल्यासारखं तोंड होतं, मग आपणच देऊन टाकतो.

आणि ऑफरच नको, वर्षभर वाजवी एकच भाव, हे ऐकायला मला अजूनही सगळ्यात पटतं. पण अमेरिकेत जेसी पेनी या मोठ्या साखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सेल बंद करून हेच केलं आणि त्या वर्षी त्यांची विक्री जवळपास पाव हिश्शाने घसरली. लोकांना खोडलेला आकडा बघायचा असतो, आधी किती होतं ते कळल्याशिवाय आता स्वस्त आहे हे त्यांना जाणवत नाही.

म्हणून मी गेली काही वर्षं सरळ रुपयांवर आलोय. टॅगवर जुना भाव, त्याखाली नवा, बास. एक घ्या नाहीतर चार घ्या. पहिल्या दिवशी एकावर एकएवढी गर्दी होत नाही हे खरं, पण काउंटरवर वाद नाही, बदलीला आला तर बिलावर किंमत लिहिलेलीच असते, आणि घरी गेल्यावर बायकोला "बाराशेचा नऊशेला आणला" एवढं एका वाक्यात सांगता येतं, टक्के कुणी सांगत नाही. हा जेन्ट्सच्या दुकानाचा अनुभव आहे, साडीवाल्यांचं वेगळं असू शकेल. रुमाल, सॉक्स, बनियन यात मीसुद्धा अजून तीनवर एक ठेवतो, कारण ते कुणी एकेक घेतच नाही, त्यामुळे कुणी अडूनही बसत नाही.

बाकी मेहुण्याला एकच बारीक गोष्ट परत परत सांगितलीये. छापील एमआरपी स्टिकरने झाकायची नाही, आणि जुन्या भावावर लाल पेनाने एकच आडवी रेघ मारायची. पूर्ण काळं केलं की माणूस टॅग ट्यूबलाइटकडे धरून खाली काय होतं ते बघत बसतो.