हजार समभागांचे पंचवीस झाले: पॅरामेट्रिक साउंडमधील गुंतवणुकीचे परीक्षण

सप्टेंबर 2010 मध्ये ज्याच्याकडे सॅन डिएगोच्या एलरॅड कॉर्पोरेशनचे 1000 समभाग होते, त्याला कंपनीच्या विभाजनात पॅरामेट्रिक साउंड या, अरुंद झोतातून आवाज सोडणारे ध्वनिक्षेपक बनवणाऱ्या नव्या कंपनीचे 500 समभाग मिळाले. मार्च 2012 मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदणी मिळवण्यासाठी कंपनीने पाच समभागांचा एक केला, तेव्हा त्या पाचशेचे शंभर झाले. एप्रिल 2018 मध्ये, कंपनीचे नाव टर्टल बीच झालेले असताना, चार समभागांचा एक झाला आणि शंभराचे पंचवीस उरले. अशा एकत्रीकरणाने मूल्य आपोआप बुडत नाही, कारण भावही त्याच पटीने वाढतो. मात्र साडेसात वर्षांत दोनदा ही वेळ का आली, हा प्रश्न गुंतवणूकदाराने विचारलाच पाहिजे. पॅरामेट्रिकसारख्या, ध्वनी आणि आरोग्य असे दोन विभाग सांगणाऱ्या छोट्या तंत्रज्ञान कंपनीत पैसे घालू इच्छिणाऱ्याने हे उदाहरण मुळापासून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

कंपनीचे तंत्र खरे होते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. वुडी नॉरिस या संशोधकाने विकसित केलेल्या या पद्धतीत श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या, ध्वनीचा अरुंद झोत सोडला जातो. तीव्र ध्वनीला हवा सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नाही, आणि या गुणामुळे झोताच्या वाटेवरच ऐकू येणारा आवाज तयार होतो. झोतासमोर उभ्या असलेल्या माणसाला बोलणे स्वच्छ ऐकू येते आणि दोन पावले बाजूला सरकले की ते जवळजवळ नाहीसे होते. नॉरिस यांना 2005 मध्ये 5 लाख डॉलरांचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. मी एका संग्रहालयात असा दिशादर्शी ध्वनिक्षेपक ऐकला आहे, आणि पहिल्या क्षणी आवाज आपल्या डोक्यातच उमटतो आहे असे वाटते. या तंत्राची मर्यादाही त्याच भौतिकशास्त्रातून येते: वारंवारता निम्मी झाली की निर्माण होणारा ध्वनिदाब साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून तबल्याचा डग्गा किंवा चित्रपटातील गडगडाट येथे फिका पडतो. संगीतासाठी लोक हे यंत्र घरी नेणार नाहीत, हे गुंतवणूकदाराला अगदी प्रारंभीच कळू शकत होते. स्वतंत्र कंपनी म्हणून पॅरामेट्रिकची वार्षिक विक्री कधी 10 लाख डॉलरांपर्यंतही पोहोचली नाही.

आरोग्य विभागाची कल्पना याच मर्यादेतून पुढे आली, आणि ती मला आजही सुंदर वाटते. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उच्च वारंवारता ऐकू येईनाशा होतात, त्यामुळे स, श, फ, थ यांसारखी व्यंजने हरवतात आणि आवाज ऐकू आला तरी शब्द कळत नाहीत. हा झोत नेमका उच्च वारंवारतांत सबळ असतो आणि खोलीच्या भिंतींवरून होणारा घुमाराही तो टाळतो. माझ्या वडिलांसाठी आमच्या घरी दूरचित्रवाणीचा आवाज इतका मोठा ठेवावा लागे की शेजारच्या खोलीत अभ्यास करणे अशक्य होई, आणि तरीही बातमीदार काय म्हणाला हे ते आईला विचारत. अशा घरासाठी, श्रवणयंत्र न घालता एकाच खुर्चीकडे स्पष्ट शब्द पोहोचवणारे साधन म्हणजे मोठाच दिलासा होता. 2014 च्या आरंभी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली आणि 2015 मध्ये ‘हायपरसाउंड क्लिअर’ हे यंत्र विक्रीस आले.

गुंतवणूकदाराची चूक होण्याची जागा येथेच आहे. या प्रकारच्या मंजुरीचा अर्थ एवढाच असतो की हे साधन आधीपासून बाजारात असलेल्या साधनाइतके सुरक्षित आणि परिणामकारक मानता येते. ते कोण विकणार, कोण शिफारस करणार आणि पैसे कोण देणार, याबद्दल ती मंजुरी एक अक्षरही बोलत नाही. अमेरिकेतील मूळ मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना श्रवणयंत्रांचा खर्च देत नाही, म्हणजे ज्या वयोगटासाठी हे साधन होते त्यालाच पदरचे पैसे मोजावे लागणार होते. विक्रीची वाट श्रवणतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून जात होती. तिथे येणाऱ्या माणसाला दिवसभर कानात राहणारे यंत्र हवे असते, आणि तज्ज्ञाचा व्यवसायही त्याच यंत्रांच्या विक्रीवर आणि जुळवणीवर चालतो. केवळ दूरचित्रवाणीपुरत्या उपकरणाला या व्यवहारात दुय्यम स्थान मिळणे अपरिहार्य होते.

या दरम्यान कंपनीचे स्वरूपच पालटले होते. ऑगस्ट 2013 मध्ये, व्हिडिओ गेमचे हेडसेट विकणाऱ्या टर्टल बीचशी विलीनीकरण जाहीर झाले आणि जानेवारी 2014 मध्ये ते पूर्ण झाले. कागदोपत्री पॅरामेट्रिकने टर्टल बीच घेतली, परंतु एकत्रित कंपनीत पॅरामेट्रिकच्या भागधारकांकडे सुमारे एक पंचमांश हिस्साच उरला. काही भागधारक या सौद्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि हिस्सा पातळ झाल्याबद्दल भागधारक स्वतः दावा करू शकतात की तो कंपनीच्या वतीनेच करावा लागतो, हा मुद्दा नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. माझ्या मते सौद्याची खरी कसोटी ताळेबंदात होती. पॅरामेट्रिकसाठी मोजलेल्या किमतीपैकी सुमारे 8 कोटी डॉलर ‘गुडविल’ या नावाखाली नोंदले गेले होते, म्हणजे हाती असलेल्या मालमत्तेपलीकडे भविष्याच्या आशेची ती किंमत होती. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत ती रक्कम निर्लेखित करावी, म्हणजे तोटा म्हणून खात्यातून काढून टाकावी लागली, आणि 2016 मध्येच कंपनीने हायपरसाउंड यंत्रांच्या विक्रीचा गाशा गुंडाळण्यास घेतला.

पुढे जे घडले त्याचा आरोग्य विभागाशी काहीही संबंध नव्हता. 2018 मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या लाटेने हेडसेटची मागणी उसळली, कंपनीची विक्री वर्षभरात सुमारे 14.9 कोटी डॉलरांवरून 28.7 कोटींवर गेली आणि वर्षारंभी एक डॉलरच्याही खाली असलेला समभाग, एकत्रीकरणानंतर, 30 डॉलरांपलीकडे पोहोचला. त्या काळात ‘कंपनीने अखेर करून दाखवले’ असे म्हणणारे अनेक जण भेटले. परंतु 2013 च्या उन्हाळ्यात ज्याने हाच समभाग 10 डॉलरांच्या वर घेतला होता, त्याला मुद्दल परत मिळण्यासाठी नव्या मोजमापाने 40 डॉलरांहून अधिक भाव लागणार होता, आणि 2018 ची ती लाटही तिथपर्यंत गेली नाही.

म्हणून या गुंतवणुकीला तंत्रज्ञानासाठी मी पुरे गुण देईन, ध्वनी विभागाला संयमी माणसासाठी मध्यम, आणि आरोग्य विभागाच्या आशेवर घेतलेल्या समभागाला फारच थोडे. अशा कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की विभागनिहाय विक्री आणि खर्चाचे पान आधी वाचावे. ज्या विभागाचे नाव व्यवस्थापनाच्या भाषणात सर्वाधिक येते त्याच विभागाची विक्री नगण्य असेल, तर समभागाच्या भावात त्या नावासाठी आपण किती मोजतो आहोत, हे कागदावर मांडून पाहावे. स्पर्धा कुठून येईल हेही आता उघड झाले आहे: 2022 मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना श्रवणयंत्रे विकण्यास वाट मिळाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रोला श्रवणयंत्र म्हणून वापरण्याच्या प्रणालीला मान्यता मिळाली. लाखो कानांत आधीच असलेल्या वस्तूला आरोग्याचा उपयोग जोडणे आणि आरोग्याची नवी वस्तू लाखो घरांत पोहोचवणे, यांतील दुसरे काम छोट्या कंपनीसाठी कितीतरी अवघड आहे.

भारतात राहून अमेरिकी समभाग घेणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत रक्कम पाठवता येते आणि प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागते. विभाजन आणि एकत्रीकरण झालेल्या अशा कंपनीत प्रत्येक समभागाची मूळ खरेदी किंमत नव्याने मांडावी लागते, म्हणून विभाजनाच्या दिवसापासूनची सर्व पत्रे आणि दलालाची विवरणे एका फाइलमध्ये जपून ठेवावीत.