चित्रं बघून जेवायला कुठे? टाऊन हॉल, न्यू पॅलेस की राजारामपुरी

चित्रांची आवड असलेले पाहुणे कोल्हापूरला यायचे म्हटले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्याकडे म्युझियममध्येच जेवायची सोय आहे का?" ही मंडळी परदेश फिरून आलेली असतात. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात जुन्या स्टेशन-हॉटेलचं 1900 सालचं भोजनगृह अजून चालू आहे, वर झुंबरं आणि रंगवलेलं छत. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातलं ‘द मॉडर्न’ हे रेस्टॉरंट शिल्पांच्या बागेकडे तोंड करून आहे आणि मिशेलिनचे, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटना मिळणारे मानाचे, तारे मिरवतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तर 1860 च्या दशकातच खास सजवलेल्या दालनांत लोकांना जेवायला बसवलं होतं.

आपल्याकडे तसं काही नाही. रंकाळा तलावाकाठच्या शालिनी पॅलेसचं 1987 साली हॉटेल झालं, तेव्हा राजवाड्यात बसून जेवायची हौस थोडी भागायची; तेही बंद पडून बरीच वर्षं झाली. मग उरतं काय, तर जोड्या लावणं. एक संग्रहालय आणि त्याला साजेसं एक जेवण. माझ्या मते अशा तीन जोड्या आहेत, आणि तिन्ही सगळ्यांसाठी नाहीत.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. म्युझियममधल्या महागड्या रेस्टॉरंटात माणूस पैसे मोजतो ते ताटातल्या पदार्थाइतकेच मधल्या वेळेचे. नुकतं बघितलेलं चित्र डोक्यात असताना चार पावलांवर खुर्ची मिळते. पार्किंग नाही, हॉर्न नाही, "आता कुठं जायचं" ही चर्चा नाही. तेव्हा कोल्हापुरात जोडी निवडतानाही ‘चित्र ते ताट’ हे अंतर मी आधी बघतो. चवीची काळजी या गावात करायची नसते.

टाऊन हॉलमधल्या संग्रहालयापासून सुरुवात करू, कारण अस्सल माल तिथं आहे. मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं बांधलेली 1870 च्या दशकातली गॉथिक इमारत, भोवती बाग, समोर सीपीआर या सरकारी दवाखान्याची वर्दळ. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू आहेत. त्यातली पोसायडनची कांस्यमूर्ती शोधून बघाच. वीतभरही नाही. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी सापडतो, यावरून त्या काळी इथला व्यापार कुठवर पोचला होता ते कळतं. एक हात वर, त्यात काहीतरी धरलेलं असावं असा; हातातला त्रिशूळ मात्र कधीच गेला. पाहुणे तिच्यासमोरून सरळ पुढे निघून जातात, म्हणून आपण थांबवायचं. मग चित्रं. आबालाल रहिमान या चित्रकाराची कामं इथं बघायला मिळतात, आणि कोल्हापूरची चित्रपरंपरा म्हणजे काय ते सांगायला तेवढं पुरे आहे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या या माणसानं रंकाळा, कोटितीर्थ, संध्यामठ असा सगळा आपला पाणथळ परिसर रंगवला. महाराज 1922 साली गेल्यावर त्यानं आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं गावात सांगतात.

या जोडीतलं जेवण म्हणजे दसरा चौकातून पलीकडे, लक्ष्मीपुरीच्या जुन्या खानावळी. चालत जाता येतं, त्यामुळे अंतराच्या परीक्षेत टाऊन हॉल पास. शांततेच्या परीक्षेत नापास. खानावळीत बसलात की वाढपी तुमच्या गप्पांसाठी थांबत नाही. पांढरा रस्सा वाटीत येतो तो आधी नुसता प्यायचा: मटणाच्या अळणीत, म्हणजे बिनतिखटाच्या रश्श्यात, नारळाचं दूध, खसखस, तीळ, आणि नाकाशी येणारा मिरी-वेलचीचा वास. मग तांबडा, वर कांदा-लसूण चटणीचा तवंग, आणि वाटी अर्धी झाली की न विचारता पुन्हा भरलेली. सुक्कं, भाकरी, कांदा, लिंबू. असं जेवण झाल्यावर आबालालवर चर्चा होत नाही, झोप येते. तेव्हा चित्रं आधी, जेवण नंतर. उलटा क्रम लावणाऱ्याला दुपारी गॅलरीत जांभया देताना मी बघितलंय.

न्यू पॅलेस, म्हणजे राजवाड्यातलं संग्रहालय, ही घरातल्या सगळ्यांना घेऊन जायची जागा. मँटचीच इमारत, काळ्या दगडाची, 1884 ची. दरबार हॉलच्या रंगीत काचांमध्ये शिवचरित्रातले प्रसंग आहेत, आणि सकाळच्या उन्हात त्या काचा जो रंग टाकतात त्यासाठी तरी लवकर जावं. बाकी शस्त्रं, अंबारी, शिकारीतले पेंढा भरलेले वाघ. पोरं खूश, आजी-आजोबा खूश. पण ‘आर्ट म्युझियम’ अशा अपेक्षेनं आलेल्या माणसाला इथं राजघराणं भेटतं, चित्रकार कमी भेटतात. हे आधी सांगितलं की रुसवा टळतो. आत फोटो काढू देत नाहीत, हेही सांगून ठेवा.

इथून जेवायला दोन वाटा. सकाळी निघालात तर कसबा बावड्याची मिसळ, अगदी हाकेच्या अंतरावर. आणि टेबलावर पांढरा कपडा, एसी, हळू आवाजात बोलणारा वेटर असं हवं असेल तर गाडी काढून ताराराणी चौक, कावळा नाक्याच्या बाजूची मोठी हॉटेलं. ‘अपस्केल’ या शब्दाला गावात जे काही उत्तर आहे ते त्याच पट्ट्यात. तासभर निवांत बसता येतं, कुणी उठवत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. फक्त तिथं तांबडा-पांढरा मागवायचा मोह आवरा. अशा हॉटेलात तो बाहेरच्या माणसाला झेपेल असा केलेला असतो, आणि पाहुणा "हाच का तो?" म्हणून तुमच्याकडे बघतो. त्यापेक्षा तंदूर, पंजाबी, काय हवं ते घ्या.

आता राजारामपुरी. सातव्या गल्लीत चंद्रकांत मांढऱ्यांचं घर आहे, आता ते त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. सिनेमातला देखणा नायक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या माणसानं आयुष्यभर निसर्गचित्रं केली आणि घरासकट ती सरकारला देऊन टाकली. पावडर शेडिंगची कामं जवळून बघा. रेघ जवळपास नाहीच, कोरडी पूड कागदावर घासत सावली चढवत नेलेली, आणि लांबून ते धुकं वाटतं. गर्दी नाही. एका घराच्या खोल्यांतून आपण फिरतोय ही जाणीव जात नाही, आणि ओर्सेच्या झुंबरांखाली बसून जे मिळतं त्याच्या सगळ्यांत जवळ कोल्हापुरात हीच जागा जाते असं माझं ठाम मत. बाहेर पडलं की उद्यमनगरात फडतऱ्यांची मिसळ जवळ, आणि जेवणाची वेळ असेल तर राजारामपुरी, शाहूपुरीत खानावळींना तोटा नाही.

थोडक्या वेळात एकच निवडायचं असेल तर? चित्रकलेतला दर्दी आणि सोबत एखादाच माणूस: मांढरे, मग खानावळ. इतिहासाचा नाद असेल तर टाऊन हॉल. घरचे आठ जण, त्यात दोन म्हातारी माणसं: न्यू पॅलेस आणि हॉटेल, दुसरा विचारच नको. बायकोचा वाढदिवस आहे आणि बोलत बसायचंय, तर दुपारी मांढरे आणि रात्री हॉटेल. ‘चित्र ते ताट’ अंतर वाढतं खरं, पण मधली संध्याकाळ रंकाळ्यावर घालवता येते, आणि आबालालनं रंगवलेलं पाणी तिथं समोरच आहे.

वार बघूनच बेत आखा. सोमवारी सरकारी संग्रहालयं बंद. बुधवार, शुक्रवार, रविवार हे गावाचे मटणाचे वार, त्यामुळे रस्सा ताजा पण रविवारी दुपारी खानावळीबाहेर रांग. बहुतेक खानावळी दुपारी साडेतीनच्या सुमाराला आवरतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात, तेव्हा चित्रांपुढे रमून चार वाजवलेत तर मिसळ किंवा भेळ यावरच भागवावं लागेल. बुधवार किंवा शुक्रवार सकाळ धरा, अकराला संग्रहालय, एकला ताट.