ब्राउजरमधलं बिलिंग: डेस्कटॉपसारखं घ्यायचं की वेबसाइटसारखं?

नागपूरच्या इतवारी, गांधीबागच्या ठोक दुकानदारांकडून आजकाल हा प्रश्न फार येऊन राहिला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. हातात ब्राउजरमध्ये चालणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरची दोन कोटेशन असतात. एकाचा डेमो उघडला की क्रोमच्या आतच विंडोजसारखा सगळा पसारा, वर मेनू, डावीकडे फांद्यांसारखी उघडणारी यादी (ट्री), एकावर एक खिडक्या, खाली टास्कबारसुद्धा. दुसऱ्याचा डेमो म्हणजे मोकळी वेबसाइट, मोठी बटणं, भरपूर पांढरी जागा, एका पानावर एकच काम आणि मोबाइलवर पण तसंच चालते. किमतीत फार फरक नाही. मग घ्यायचं कोणतं?

माझं मत आधीच सांगतो. डेस्कटॉपवाले दोन माल एकाच गठ्ठ्यात बांधून विकतात: एक म्हणजे खिडक्या-टास्कबारचा देखावा आणि दुसरा म्हणजे कीबोर्डवर चालणारी, एका स्क्रीनवर भरपूर ओळी दाखवणारी एन्ट्री. दुसरा माल खरंच कामाचा आहे. पहिल्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका.

एन्ट्रीचं का म्हणतो ते पाहा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं बसलेला माणूस सेल्सचं बिल कसं मारतो? एफ८, पार्टीच्या नावाची दोन-तीन अक्षरं, एंटर, आयटम, एंटर, नग, एंटर, रेट, एंटर, शेवटी कंट्रोल ए. त्याचे डोळे स्क्रीनवर नसतातच, हातातल्या चिठ्ठीवर असतात. आता हेच बिल वेबसाइट पद्धतीच्या फॉर्मवर करा: तारखेवर क्लिक केलं की कॅलेंडर उघडते, पार्टीचा ड्रॉपडाऊन गोल गोल फिरत लोड होते, सेव्हचं बटण खाली असते म्हणून स्क्रोल करा, मग हिरव्या पट्टीत ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ आणि पुढच्या बिलासाठी परत ‘नवीन’ शोधा. दिवसाला पाच बिलं असतील तर काही वाटत नाही, पण दिवाळीच्या आधी काउंटरवर गर्दी आणि बाहेर टेम्पो भरून उभा असला की ऑपरेटर तुम्हाला शिव्या देईल, सॉफ्टवेअरवाल्याला नाही.

पण डेस्कटॉपवाला ‘सगळं टॅलीसारखंच आहे जी’ म्हणतो तिथे जरा थांबा. ब्राउजरला स्वतःच्या कीज आहेत. टॅलीत एफ५ म्हणजे पेमेंट, ब्राउजरमध्ये रिफ्रेश. एफ१२ टॅलीत कॉन्फिगरेशन, क्रोममध्ये डेव्हलपरवाल्यांचा पॅनल. ऑल्ट डी टॅलीत व्हाउचर डिलीट करते, क्रोममध्ये वर ॲड्रेस बारमध्ये जाऊन बसते. यातल्या काही कीज पेजला अडवून स्वतःकडे घेता येतात, पण कंट्रोल डब्ल्यू, कंट्रोल टी, कंट्रोल एन साध्या टॅबमध्ये पेजच्या हाती लागतच नाहीत, म्हणजे बोट चुकलं की टॅब बंद. अर्धवट बिल असताना ‘खरंच बंद करायचं का’ असं विचारते की नाही, हे डेमोतच करून पाहा. ही भानगड जुनी आहे, बॅकस्पेस दाबून मागचं पान उघडायचं आणि भरलेला फॉर्म उडायचा म्हणून क्रोमनं २०१६ मध्ये ती सोयच काढून टाकली होती.

आता देखाव्याकडे या. ब्राउजरच्या आत खिडक्या काढायची हौस एक्स्ट जेएससारख्या लायब्ररीनं (म्हणजे बनवणाऱ्यांसाठी तयार कोडचा संच) २००७ पासून लावली, ग्रिड म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, ट्री, टूलबार सगळं तयार मिळायचं, स्टार्ट मेनूवालं डेस्कटॉप सॅम्पलसुद्धा होतं. दिसायला भारी. पण दुकानातल्या १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर आधी ब्राउजरची पट्टी, मग ॲपचा मेनू, मग टूलबार, मग खिडकीचा टायटल आणि खाली विंडोजच्या टास्कबारवर ॲपचा दुसरा टास्कबार, एवढं झाल्यावर बिलाच्या किती ओळी दिसणार? आणि दोन गोष्टी शेजारी उघडायला ब्राउजरचे टॅब फुकट आहेत ना, दुसरी विंडो उघडा आणि बाजूला लावा.

इथेच वेबसाइट पद्धत बाजी मारते, काय की तिथे प्रत्येक बिलाला स्वतःचा पत्ता असतो. मुनीमजींनी लिंक कॉपी केली, मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाकली, मालक लग्नाला अमरावतीला असला तरी लॉगिन करून तेच बिल उघडते. खिडकीवाल्या बहुतेक ॲपमध्ये वरचा पत्ता कधी बदलतच नाही, लिंक पाठवली तर समोर मेन स्क्रीन येते आणि मग ‘आता सेल्समध्ये जा, रजिस्टर उघडा, खाली या’ असं फोनवर सांगत बसा. बॅक दाबलं की मागच्या खिडकीऐवजी आख्खं ॲपच बाहेर फेकते. हे सुधारता येत नाही असं नाही, वेब पानांच्या एचटीएमएल५ या भाषेत त्याची सोय कधीची आहे, बनवणाऱ्यानं कष्ट घेतले पाह्यजे फक्त.

शोधाच्या बाबतीत मात्र दोघंही कमी पडतात. डेस्कटॉप पद्धतीचा ग्रिड हजारो ओळी झरझर दाखवतो, कारण समोर दिसतात तेवढ्याच ओळी पानात असतात, म्हणून कंट्रोल एफनं खालची पार्टी सापडत नाही. वेबसाइटवाला वीस-वीस ओळींची पानं करतो, तिथेही कंट्रोल एफ त्या वीसमध्येच शोधते, आणि खालची बेरीज त्या पानाची की पूर्ण महिन्याची हे विचारून घ्या बरं, नाहीतर उधारीचा आकडा भलताच धरून चालाल. फ्लटर या गूगलच्या ॲप बनवायच्या साधनानं केलेलं वेब ॲप असेल तर अक्षरंसुद्धा चित्रासारखी काढलेली असतात, तिथे ब्राउजरचा शोध जवळपास बिनकामाचा. दोन्हीकडे ॲपचा स्वतःचा शोध दणकट पाह्यजे.

मोबाइलवर फार चर्चा करायची गरज नाही, खिडकीवालं तिथे चालत नाही, विषय संपला. बटण किमान २४ बाय २४ पिक्सेलचं असावं असं डब्ल्यूसीएजी २.२ हे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेलं २०२३ चं मानक सांगते, आणि डेस्कटॉप टूलबारचे बारके आयकॉन फोनवर त्याच्याही खाली जातात. मालकाला अंगठ्यानं मंजुरी द्यायची असते, स्टॉक पाहायचा असतो, तेवढ्याला वेबसाइट पद्धत उत्तम.

मोठ्या कंपन्यांतही हे भांडण आहेच. सॅप या मोठ्या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरवरचे जुने लोक व्हीए०१ हा कोड टाइप करून सरळ सेल्स ऑर्डरमध्ये घुसतात, २०१३ मध्ये सॅपनं फिओरी हे वेबसाइटसारखं नवं रूप आणलं, टाइल्स, मोकळं पान, फोनवर चालणारं. नव्या माणसाला ते लवकर जमते, आणि ज्याच्या बोटांत कोड बसले त्याला ते संथ वाटते.

खिडक्या कुठेच नकोत असंही नाही. सायनॉलॉजी कंपनीच्या स्टोरेज बॉक्सचं (नेटवर्कवर फाइली साठवायची पेटी) कंट्रोल पॅनल ब्राउजरमध्ये पूर्ण डेस्कटॉप दाखवते आणि ते शोभते, कारण तिथे एकच जाणता माणूस बसतो, एका खिडकीत फाइली कॉपी होऊन राहिल्या आणि दुसरीत लॉग पाहून राहिला. तुमच्या काउंटरवर तसं काम नाही.

म्हणून इतवारीतल्या ठोक दुकानाला माझा सल्ला: वेबसाइट पद्धतीचं घ्या, पण बिलाची एन्ट्री स्क्रीन कीबोर्डवाली पाह्यजे असं कोटेशनमध्ये लिहून मागा. देत नसेल आणि दिवसभर एन्ट्रीच चालत असेल, तर खिडकीवालं घ्या आणि मालकासाठी वेगळं मोबाइल पान मागा. महिन्याला मोजकीच बिलं करणारा सीए किंवा कन्सल्टंट असाल तर एवढा विचारच करू नका, वेबसाइटवालं.

डेमोला मालकानं एकट्यानं जाऊ नये. ऑपरेटरला सोबत न्या, सेल्समनला माउस बाजूला ठेवायला सांगा, आपल्याच दुकानातली दहा-बारा आयटमची खरी चिठ्ठी द्या आणि नुसत्या कीबोर्डवर बिल मारायला लावा. मधेच एफ५ दाबा, बॅक दाबा, आणि झालेल्या बिलाची लिंक स्वतःच्या फोनवर पाठवून उघडते का ते पाहा.